काचबिंदू तपासताना निळ्या उजेडात डोळ्याला टेकवतात ते यंत्र कोणी बनवलं? त्याचा आकडा कितपत खरा?

ते यंत्र स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे नेत्रतज्ज्ञ हान्स गोल्डमान यांनी 1950च्या दशकात बनवलं, आणि डोळ्याचा दाब मोजायला आजही तेच प्रमाण मानतात. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, हे रोजच्या वापरातलं. खरी कमाल 3.06 मिलिमीटर या मापात आहे. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा एवढ्याच व्यासाचा भाग सपाट केला, की पडद्याचा ताठपणा आणि अश्रूंची ओढ एकमेकांचा परिणाम जवळपास पुसून टाकतात. शिवाय हिशोब सुटसुटीत होतो: 1 ग्रॅम जोर म्हणजे 10 मिमी पारा. आम्हाला आतून दोन हिरवट अर्धवर्तुळं दिसतात; त्यांच्या आतल्या कडा जेमतेम भिडेपर्यंत चकती फिरवायची आणि आकडा वाचायचा. पेशंटला वाटतं नुसता दिवा मारला!

मात्र हे गणित साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या पडद्यासाठी आहे. पडदा पातळ असेल तर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो, जाड असेल तर जास्त. चष्म्याचा नंबर घालवायच्या लेसर ऑपरेशनमध्ये पडदा पातळ होतो; त्यामुळे ते झालेलं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा आणि पडद्याची जाडीही मोजून घ्या.