कळकलं, काळवंडलं की नासलं?

प्रश्न : पितळी पातेल्यात राहिलेलं ताक ‘कळकलंय’ म्हणून सासूबाई ओतून टाकायला सांगतात. कळकणं म्हणजे नासणंच ना? उकळून त्याची कढी चालेल का? आणि चांदीचा करंडा काळा पडला, तर तोही ‘कळकला’ म्हणायचा का?
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : कळकणं आणि नासणं वेगळं. दूध नासतं, पीठ आंबतं ते जंतूंमुळे. ताक कळकतं ते भांड्यामुळे. पितळेत निम्म्याहून जास्त तांबंच असतं. आंबट पदार्थ आणि हवा दोन्ही मिळाली की तांब्याचे क्षार पदार्थात उतरतात. म्हणून ताक, दही, चिंचेची आमटी कळकते. पिण्याचं साधं पाणी तांब्याच्या हंड्यात रात्रभर राहिलं तरी कळकत नाही.

पातेलं जरा तिरपं करून बघा. ताक जिथवर भरलेलं होतं, तिथं कडेनं हिरवट-निळसर रेघ उमटलेली दिसेल. ताक ताजं असलं तरी चव तुरट लागते, जिभेवर नाणं ठेवल्यासारखी. कढी मुळीच करू नका. उकळल्यानं जंतू मरतील, तांबं जाणार नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी होते. सासूबाईंचं बरोबर आहे, ओतूनच टाका.

आता करंडा. हुपरीचे पैंजण असोत की देवघरातली निरांजनं, चांदी ‘काळवंडते’. हवेतल्या गंधकाच्या वायूंनी तिच्यावर काळा थर धरतो, तो वरवरचाच असतो आणि घासून पुसला की जातो. काळवंडण्यात ‘काळा’ उघड ऐकू येतो. कळकण्यात रंगाचं नाव कुठंच नाही. रंग बदललेला दिसतो, पण बोलणाऱ्याला सांगायचं असतं ते चव बिघडल्याचं. ‘आमटी कळकेल, स्टीलच्या डब्यात काढ,’ हा त्याचा खरा वापर. साडीचा रंग कळकत नाही, विटतो. उन्हानं चेहरा रापतो.

पातेल्याला आतून कल्हई असेल तर ताक कळकत नाही, पण ती टिकवावी लागते. कल्हईचं कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे रिकामं पातेलं गॅसवर राहिलं की थर ओघळून गोळे धरतो. तारेच्या घासणीनंही तो खरवडून निघतो. आत पिवळं दिसायला लागलं की कल्हई करून घ्या, आणि तोवर आंबट काही त्यात ठेवू नका.