दुपारी डोळ्याखाली उतरणारा मस्कारा, आणि ते 'ऑटम' प्रकरण

तुझी पोस्ट वाचून हसावं की रडावं कळेना. तीन वॉटरप्रूफ मस्कारे झाले, प्रत्येक आधीच्यापेक्षा महाग, तरी दुपारी दोनला डोळ्याखाली काळं; आता चौथा परवडणारा कुठला घेऊ? शिवाय आपल्याला कुठले रंग शोभतात हे सांगणाऱ्या कुठल्याशा चाचणीत 'ऑटम' निघालीस, तर गुलाबी लिपस्टिका टाकून देऊ का? मस्काऱ्याचा भाग तर मीच लिहिलाय की काय असं वाटलं. फरक इतकाच की मी पाचव्यापर्यंत गेले होते. (एकदम 'तू' म्हणतेय, राग मानू नकोस. समदुःखी म्हटल्यावर 'अहो-जाहो' जमत नाही.)

चौथा वॉटरप्रूफ घेऊ नकोस. कुठल्याही कंपनीचा.

कर्लर आधी की नंतर, किती हात द्यायचे, हे तुला येत असणारच, त्यात शिरत नाही. मुद्दा वेगळा आहे. वॉटरप्रूफ मस्कारा पाण्याला दाद देत नाही. घाम, पाऊस, रडणं, सगळं निभावतो. तेलापुढे मात्र त्याचं काही चालत नाही, म्हणून तर तो काढायला आपण तेलकट रिमूव्हर घेतो. आणि डोळ्याभोवती दिवसभर असतं काय? त्वचेचं स्वतःचं तेल, त्यावर सकाळी चोपडलेलं आय क्रीम, सनस्क्रीन, ओलसर कन्सीलर. म्हणजे रिमूव्हर आपणच सकाळी लावून ठेवायचा आणि दुपारी मस्कारा उतरला म्हणून ओरडायचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

हे मला उमगायला दोन वर्षं लागली, आणि त्यात खरा खर्च पैशांचा झालाच नाही. वॉटरप्रूफ रोज लावला की रोज काढावाही लागतो. रात्री कंटाळा यायचा. मी कापूस ओला करून घासायची, निघाला नाही की आणखी जोरात. एके रात्री कापसावर पाहिलं तर पाच पापण्या. पांढऱ्या कापसावर स्वल्पविराम मांडावेत तशा. डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात चक्क फट पडली होती, आणि ती झाकायला मी काय करावं? तिथे मस्काऱ्याचा आणखी एक हात! वरच्या पापणीला केस असतात शंभर-दीडशे, त्यातले मूठभर गेले तरी लगेच दिसतं. नवे येतात, पण काही महिने वाट पाहायला लावतात.

मधल्या काळात त्या पाचव्या मस्काऱ्याच्या कंपनीला लिहिलं होतं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. फॉर्म भरा, बॅच नंबर द्या, बिलाचा फोटो द्या, काळ्या झालेल्या डोळ्याचा फोटो द्या. दिलं सगळं. काही आठवड्यांनी उत्तर आलं: आमचं उत्पादन वॉटरप्रूफ आहे, कृपया स्वच्छ व कोरड्या पापण्यांवर लावावे. मी पुन्हा लिहिलं, तर पुन्हा तेच, स्वल्पविरामही न बदलता. "डोळ्याखाली काय लावता?" एवढं एक वाक्य त्यांच्यातल्या कुणी विचारलं असतं तर माझी ती फट पडली नसती. अजून आठवलं की तिडीक येते. असो.

कोडं सुटलं ते योगायोगानं. आय क्रीमची ट्यूब संपत आली होती. पिळून पिळून उजव्या डोळ्यापुरतं निघालं, डावा तसाच राहिला. संध्याकाळी आरशात उजवीकडे नेहमीचं काळं आणि डावा डोळा स्वच्छ. मस्कारा तोच, हात तोच, दिवस तोच.

तर नवं काहीही घेण्याआधी हा प्रयोग कर. आय क्रीम रात्रीवर टाक. सकाळी डोळ्याखाली सनस्क्रीन लावलंस तर थोडं थांबून टिश्यूनं टिपून घे आणि पावडरचा हलका हात फिरव. खालच्या पापण्यांना मस्कारा आठवडाभर नकोच. तुझा आहे तो मस्काराही एवढ्यानं सुधारेल.

तरीही उतरला तर 'ट्युबिंग' प्रकारचा घे. हा मेणाचा थर देण्याऐवजी प्रत्येक केसाभोवती पॉलिमरची बारीक नळी तयार करतो. तेलानं सहसा पसरत नाही आणि कोमट पाण्यानं भिजवून हलकं ओढलं की बारीक नळ्या होऊन निघतो. पहिल्यांदा बघून वाटतं पापण्याच गळल्या, घाबरू नकोस. डब्यावर 'ट्युबिंग' लिहिलेलं नसेल तर 'कोमट पाण्याने निघणारा' असं काहीतरी शोध. परवडणाऱ्या कंपन्यांतही मिळतो. दोष एकच, खूप दाट, नाट्यमय पापण्या हव्या असतील तर हा जरा सौम्य वाटतो.

वॉटरप्रूफला अगदीच मोडीत काढत नाहीये. पापण्या सरळ, खाली झुकणाऱ्या असतील तर कर्लरचं वळण तोच टिकवतो, पाण्याच्या पायावरच्या मस्काऱ्यानं ते उतरतं. पण मग तेल-पाण्याच्या दोन थरांचा रिमूव्हर हलवून कापसावर घ्यायचा, कापूस मिटल्या डोळ्यावर वीस-तीस सेकंद नुसता ठेवायचा आणि खाली सरकवायचा. घासायचं नाही. नाही म्हणजे नाही.

स्वस्त-महागाबद्दल माझं मत, पटलं तर घे. मस्कारा ही महाग घेण्याची वस्तूच नव्हे. उघडल्यापासून तीनेक महिन्यांत फेकायचा असतो, कारण ब्रश दर वेळी पापणीवरचे जंतू आत नेतो. डब्यावर उघड्या झाकणाच्या बरणीचं चित्र आणि '६ एम' असं दिसेल, म्हणजे उघडल्यावर सहा महिने. डोळ्याच्या बाबतीत मी तितकंही थांबत नाही. ट्यूबवर मार्करनं उघडल्याची तारीख टाकते. वाळला म्हणून त्यात पाण्याचे थेंब घालू नकोस, आणि ब्रश आतबाहेर पंपासारखा हलवू नकोस, त्यानं हवा जाऊन उलट लवकर वाळतो. आतला माल म्हणशील तर बहुतेकांत मेण, रंगद्रव्य आणि थर धरून ठेवणारं पॉलिमर हीच मंडळी. मेबेलिन १९९६ पासून लोरिआलकडे आहे आणि महागडी लँकोमही त्याच समूहाची. दोन्ही सारखेच असतात असा दावा नाही, पण किमतीइतका फरक मला तरी कधी दिसला नाही. ब्रश मात्र बघून घे: आखूड पापण्यांना बारीक, प्लास्टिकच्या दातांचा, दाटपणा हवा तर जाड, केसाळ.

(मी डॉक्टर नाही. डोळा लाल झाला, चिकटू लागला, तर मस्कारा बंद, ट्यूब कचऱ्यात आणि थेट डोळ्यांचे डॉक्टर.)

आता 'ऑटम'. इथे दोन गोष्टींची खिचडी होते. एक, वर्षाचा ऋतू: उन्हाळ्यात कोरल-पीच, थंडीत बेरी-प्लम. ही निव्वळ फॅशन, मनाला येईल ते लाव. दुसरी, माणसाचा 'ऋतू': स्प्रिंग-ऑटम उबदार (म्हणजे पिवळसर छटांचे), समर-विंटर थंड (निळसर छटांचे). याचं एक मूळ योहानेस इटेन या चित्रकार-शिक्षकापर्यंत जातं. १९१९ ते १९२३ तो बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकवायचा; विद्यार्थी निवडतात ते रंग त्यांच्या स्वतःच्या रंगरूपाशी जुळतात असं त्याचं निरीक्षण होतं. मेकअपच्या कोष्टकात ते बसलं खूप नंतर, आणि तेही गोऱ्या त्वचेचे बारकावे डोळ्यांसमोर ठेवून. चार ऋतूंच्या त्या पद्धतीत सावळ्या आणि गडद त्वचेच्या जवळपास सगळ्यांना सरसकट 'विंटर'मध्ये टाकलं जायचं. तेव्हा मोबाइलच्या पिवळ्या दिव्यातल्या फोटोवरून मिळालेल्या 'ऑटम'ला किती मानायचं ते तूच ठरव.

मी एवढंच करते: दिवसा खिडकीशी उभं राहायचं, चेहरा धुतलेला, हनुवटीखाली आधी विटकरी ओढणी, मग जांभळट गुलाबी. ज्यानं डोळ्याखालचं काळं गडद दिसतं तो रंग ओठांवर नको. दुकानाच्या दिव्यात पारखलेला रंग बाहेर वेगळा दिसतोच. त्यामुळे मनगटावर रेघ ओढून मी बाहेर उजेडात जाते, मगच ठरवते.

मस्काऱ्याचा रंग? काळा किंवा काळपट तपकिरी, बस. बर्गंडी आणि निळा गडद पापण्यांवर उन्हातच काय ते दिसतात. हौस असेल तर सगळ्यात स्वस्त ट्यूब घेऊन फक्त टोकांना लाव.

गुलाबी लिपस्टिका टाकू नकोस. एखादी फारच थंड वाटली तर तिच्यावर विटकरी लिप पेन्सिल बोटानं पसरून बघ, माझ्या दोन तशाच वाचल्या. आणि आय क्रीमशिवायच्या आठवड्याचं काय झालं ते इथेच लिही. काळं वरच्या पापणीवर उमटतं की खाली, तेही सांग. वर उमटत असेल तर तेलाचा पत्ता वेगळा आहे, आयशॅडोच्या प्रायमरपासून सुरुवात करावी लागेल.