जुन्या कॅम्पर व्हॅनच्या चाकांचे नट नेमके किती घट्ट करायचे?

पायाने पाना दाबून नट आवळले, तरी शंभरेक किलोमीटरनंतर सैल सापडतात, असं तुम्ही लिहिलंय. मला नाही वाटत जोर कमी पडतोय. नट जिथे टेकतो ती जागा आधी बघा.

हे मी स्वतः भोगलंय. जुन्या व्हॅनच्या लोखंडी रिम हौसेने रंगवल्या, नट बसतात त्या खोलगट जागीही दोन हात मारले. पुढे साठेक किलोमीटरवर, वेग कमी केला की मागून टक टक. उतरून पाहतो तर एका चाकाचे तीन नट बोटांनी फिरत होते! दाबाखाली रंग चुरला आणि आवळ गेला. रिम आणि हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) यांच्या मधली गंजाची खपलीही हेच करते. म्हणून दोन्ही बाजू वायर ब्रशने घासून धातू उघडा करा.

आटे स्वच्छ आणि कोरडे ठेवा. तेल नको. टॉर्कचा, म्हणजे नट फिरवायला लावलेल्या पिळाचा, बराचसा भाग घर्षणातच जातो. तेलाने घर्षण घटलं की तेवढ्याच टॉर्कला स्टड (ज्यावर नट चढतो तो आट्यांचा दांडा) जास्त ताणला जातो.

आकडा गाडीच्या मॅन्युअलमधूनच घ्या. फोक्सवॅगन टी-३ या जुन्या व्हॅनला तो १८० न्यूटन-मीटर (टॉर्कचं माप) आहे. ८० किलोचा माणूस अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला तर जवळपास ३९० पडतो, म्हणजे दुपटीहून जास्त. त्यात स्टड कायमचा लांबतो आणि कधीतरी तुटतो. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेला टॉर्क आला की 'कट्' वाजणारा पाना, विकत घ्याच.

चाक अधांतरी असताना सगळे नट हाताने फिरवून बसवा. मग जॅक उतरवून चाक जमिनीला जेमतेम टेकवा आणि समोरासमोरचे नट आवळत जा. पाच असतील तर चांदणी काढतो तसे. आधी अर्ध्या टॉर्कवर एक फेरी, मग पूर्ण. एकदा 'कट्' वाजलं की थांबा, खात्रीसाठी पुन्हा पुन्हा वाजवायचं नाही. ५०-८० किलोमीटर झाल्यावर, चाकं थंड असताना, परत तपासा.

रिम बदललेल्या असतील तर नटही त्याच रिमचे हवेत. शंकूसारख्या बैठकीत गोल तोंडाचा नट कडेवरच टेकतो. शिवाय काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूला उलटे आटे असतात; सोडवताना नट हट्टाला पेटला तर आधी हे आठवा.

एवढं करूनही सैल झालेच तर रिमची भोकं लांबट झालीत का बघा. झाली असतील तर ती रिम भंगारात द्या.