भाऊ, वही पेटीतून काढा

रामराम भाऊ. पोरीचा नीटचा दुसरा ड्रॉप, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी अजून एक वर्ष, नागपूरला करू की लातूरला, एवढंच तुम्ही विचारलं, पण मी अडकलो ते पत्राच्या शेवटच्या चार ओळींवर. पोरगी संध्याकाळी गोठ्यात बसते, बैलाच्या अंगाला गवताची काडी टेकवते, कातडं कुठं थरथरलं ते वहीत टिपते, आणि तुम्ही ती वही पेटीत घालून कुलूप लावलं. वर वावर गहाण पडलं हे रोज जेवताना ऐकवता. कर्ज तुम्ही काढलं, तिला न विचारता, अन् व्याज तिनं भरायचं? राग येईल, येऊ द्या.

ती टिपते ते येडेपण नाही. माशी बसली की तेवढंच कातडं हलतं, ते काम मज्जारज्जूतच उरकतं, मेंदूला विचारावं लागत नाही. पण माशी नेमकी कुठं बसली हे जाणवायला निरोप वर मेंदूपर्यंत जावा लागतो. उंदराचं तर अजून भारी, मिशीच्या एकेका केसासाठी मेंदूत पेशींचा वेगळा गठ्ठा, पिंपासारखा, मिशा जशा रांगेत तसेच गठ्ठेही रांगेत, आणि उजव्या मिशीचे डाव्या मेंदूत. 1970 साली वूल्सी आणि व्हॅन डर लूस या शास्त्रज्ञांनी हे मांडलं.

"मेंदूचं शिकायचं तर एमबीबीएसच लागते" हे तुम्हाला कोणी सांगितलं? क्लासवाल्यानंच सांगितलं असेल. 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल स्पर्श आणि तापमान कसं कळतं यावर मिळालं, डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना, दोघंही पीएचडीवाले, डॉक्टर नाहीत. पाटापुटियनच्या लॅबमध्ये एकेका पेशीला बारीक काचेच्या नळीनं टोचत बसले, 72 जनुकं एकामागून एक बंद करून पाहिली, तेव्हा कुठं दाब ओळखणारं जनुक सापडलं. तुमची पोरगी काडी घेऊन हेच करते, फरक इतकाच की तिची वही कुलपात आहे.

रस्ता म्हणाल तर आयसर, म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्था, त्यांची आयएटी ही प्रवेश परीक्षा, पुण्यात आयसर आहे, बारावी कोणत्या वर्षीची चालते ते यंदाच्या माहितीपत्रकात बघा, नाहीतर तालुक्यालाच बीएस्सी. गणित सोडलं असेल तर परत धरावं लागेल. आयसरची पाच वर्षं, मग पीएचडीची अजून पाच-सहा, लवकर पगार नाही, हे तिलाही सरळ सांगा.

क्लासचे पैसे सध्या भरू नका. आज वही द्या, आणि विचारा तिला, मागच्या मांडीवर काडी लावली तर बैल कातडं हलवतो की शेपटीच मारतो. तिचं उत्तर मला लिहून पाठवा, तुमचं नको.