शेतीच्या जुन्या भंगारातून अंगणात शिल्पे उभारायची आहेत. ती टिकावीत यासाठी काय करावे?

मोडकी बैलबंडी, वखराच्या झिजलेल्या पासा (माती खरवडणारी लोखंडी पाती) आणि फुटकी कवेलू (छपराची कौले) यांतून अंगणात काही उभारावे आणि ते पावसाळ्यात कोलमडू नये, असे आपण विचारले आहे. टिकण्याचा प्रश्न आधी जमिनीचा आहे. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यात नुसता रोवलेला खांब हळूहळू कलत जातो. मुरूम लागेपर्यंत खड्डा घ्यावा. मुरूम फार खोल असल्यास रुंद खड्ड्यात बाहेरचा मुरूम थराथराने ठोकून भरावा आणि मगच खांब काँक्रीटमध्ये बसवावा.

वस्तूंची निवड करताना माझा आग्रह एवढाच की, अवजार आकृतीतही ओळखू यावे. माझ्या अंगणातल्या मोराचा पिसारा म्हणजे बंडीच्या चाकाची लोखंडी धाव (चाकाभोवतीचे कडे) आणि तिच्यात जोडलेल्या डवऱ्याच्या, म्हणजे पिकातले तण काढण्याच्या अवजाराच्या, पाती. बघायला येणारी म्हातारी माणसे मोरापेक्षा त्या पातींविषयीच अधिक बोलतात. त्यावर झगझगीत ऑइल पेंट फासला असता, तर हे सारे झाकले गेले असते. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, तो पुरता वाळू द्यावा आणि दरवर्षी मृगाआधी पुन्हा द्यावा. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्याला मात्र वेल्डिंग करू नये, कारण त्याचा धूर अपायकारक असतो. असा पत्रा तारेने किंवा नट-बोल्टने जोडावा.

कवेलूचे तुकडे आणि फुटक्या बांगड्या ओल्या सिमेंटमध्ये दाबून बसवता येतात. चंदीगडचे रॉक गार्डन उभारणारे नेकचंद यांनी बांगड्यांच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांतूनच असंख्य आकृत्या घडवल्या. सरकारी नोकरीत असताना १९५७ च्या सुमारास त्यांनी हे काम सरकारी जागेत गुपचूप सुरू केले. १९७६ मध्ये ती बाग लोकांसाठी खुली झाली आणि १९८४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपले अंगण आपल्याच मालकीचे असल्याने लपूनछपून काम करण्याची पाळी आपल्यावर येणार नाही, फार तर घरची मंडळी कुरकुर करतील.

फवारणीच्या औषधांचे रिकामे डबे मात्र, धुतलेले असले तरी, वापरू नयेत. अंगणात लेकरे खेळतात. टायर वापरल्यास त्याला खालून भोके पाडावीत, कारण डेंग्यू पसरवणारे डास अशाच साचलेल्या पाण्यात अंडी घालतात.