डिझाइनरचे प्रश्न: पोर्टफोलिओ, छपाई आणि ‘अगदी असंच हवं’

प्रश्न: चार वर्षं सोशल मीडियाच्या पोस्ट आणि बॅनर करतोय. ब्रँडिंगच्या कामासाठी अर्ज करतो, पोर्टफोलिओत चाळीस कामं घातली आहेत, तरी मुलाखतीला बोलावणं येत नाही.

उत्तर: चाळीस फार झाली. आठ-दहा पुरतात. सगळ्यात चांगलं काम सुरुवातीला आणि त्याच्या खालोखालचं शेवटी ठेवा. कच्चं काम मधे घुसवलं तरी लपत नाही. उलट, पारख किती आहे याचा अंदाज पाहणारा त्यावरूनच बांधतो.

कपावर लोगो, पिशवीवर लोगो, भिंतीवर लोगो अशा मॉकअपांतून विचार कळत नाही. प्रत्येक कामाखाली पाच-सहा ओळी लिहा: क्लायंटची अडचण काय होती, बंधनं कोणती होती, कोणते पर्याय बाद केले आणि का. बाद केलेली दोन स्केचेस जरूर लावा. मुलाखतीत बोलणं बहुधा त्यांच्यावरूनच सुरू होतं. लोगो एका रंगात, काळ्यावर पांढरा आणि ब्राउझरच्या टॅबवर येतो तसा १६ पिक्सेलच्या चौकोनात दाखवा. बारीक रेषा आणि छोटी अक्षरं तिथे बुजतात, म्हणून लहान आकारासाठी वेगळी, सोपी आवृत्ती केली असेल तर तीही ठेवा. काम टीमचं असेल तर तुमचा वाटा स्पष्ट लिहा.

ब्रँडिंगचं काम हाताशी नाही म्हणून थांबू नका. एकाच क्लायंटच्या बारा पोस्ट घ्या आणि त्यांना एक ग्रिड (मांडणीची आखीव चौकट), दोन फाँट, तीन रंग आणि फोटो निवडण्याचा एक नियम लावून पुन्हा मांडा. हे स्वतःहून केलेलं काम आहे असं त्यावर लिहा. ब्रँडिंगमध्ये रोज हेच करायचं असतं: वेगवेगळ्या जागी एकच नियम टिकवणं.

प्रश्न: स्क्रीनवरचा झगझगीत निळा छापून जांभळट आला, बारीक मजकूरही धूसर दिसतो. चूक प्रेसची की माझी?

उत्तर: प्रूफ (छपाईआधीचा नमुना) न पाहता सांगणं धाडसाचं आहे, पण ही दोन्ही लक्षणं बहुधा फाइलमधल्या चुकीची असतात. स्क्रीनचा तो निळा चार शाईंच्या छपाईत बसतच नाही. आरजीबीतून (स्क्रीनचे लाल, हिरवा, निळा) सीएमवायके (छपाईच्या चार शाई: निळसर सायन, गुलाबीसर मजेंटा, पिवळी आणि काळी) करताना त्यात मजेंटा भरपूर येतो आणि रंग जांभळ्याकडे झुकतो. मजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवा. रंग तंतोतंत हवाच असेल तर पँटोनची, म्हणजे ठरावीक क्रमांकाची तयार मिसळलेली, स्वतंत्र शाई घ्या आणि तिचा जादा खर्च क्लायंटला आधीच सांगा.

मजकूर धूसर होतो तो काळा रंग चारही शाईंत विभागला गेल्याने. एखाद्या शाईची प्लेट केसभर सरकली तरी अक्षरांना रंगीत कडा येतात. म्हणून बारीक मजकूर फक्त के १०० मध्ये, म्हणजे निव्वळ काळ्या शाईत ठेवा. देवनागरीत हा दोष लवकर दिसतो, कारण वेलांट्या, रफार आणि अनुस्वार आधीच नाजूक असतात. बाकी तपासणी नेहमीची: चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेलं डिझाइन) आणि छापायच्या मापात ३०० पीपीआयचे (इंचाला ३०० पिक्सेल) फोटो. छोट्या फोटोचं रिझोल्यूशन आकडा बदलून वाढत नाही. आणि सही झालेल्या प्रूफशिवाय छपाई सुरू करू देऊ नका.

प्रश्न: क्लायंट दुसऱ्या ब्रँडचं पोस्टर पाठवून ‘अगदी असंच हवं’ म्हणतो. नकार दिला तर काम जाईल.

उत्तर: सरळ नकार देऊ नका आणि नक्कलही करू नका. नक्कल केली तर लोकांना तो दुसरा ब्रँडच आठवेल, शिवाय हक्कांची तक्रार आली तर क्लायंटही अडकेल. हे त्याला स्पष्ट सांगा. मग त्यातलं नेमकं काय आवडलं ते विचारा: रंग, मोकळी जागा, मोठी अक्षरं की फोटो? उत्तर बहुतेक वेळा एका गोष्टीवर येतं. तेवढंच धरून दोन स्वतंत्र पर्याय द्या आणि प्रत्येकामागचं कारण एका वाक्यात लिहा. कोटेशनमध्ये करेक्शनच्या दोन फेऱ्या आणि तिसरीचा वेगळा दर नमूद असू द्या. सूचना एकाच माणसाकडून, एकत्र आणि लेखी मागवा.