पी३८ आणि जेएनके हे कायनेज नेमक्या कोणत्या ताणाने जागे होतात? आणि त्यांना बंद करणारी गोळी का नाही?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. पुस्तकातला पेशीचा ताण आणि घरी आपण म्हणतो तो ताण एकच का? आणि इतक्या आजारांत या कायनेजचं, म्हणजे पेशीतल्या या दोन विकरांचं, नाव येतं, तर ते बंद करून का टाकत नाहीत? मी सोलापुरात बीएस्सीला हा विषय शिकवते. दरवर्षी वर्गात कुणीतरी हे विचारतंच, आणि मला ते फार आवडतं.

पेशीला मन नसतं. तिच्या लेखी ताण म्हणजे अतिनील किरण, उष्णता, बाहेर मीठ वाढल्यामुळे आतून खेचलं जाणारं पाणी, ऑक्सिजनचे उपद्रवी रेणू, जिवाणूंचे तुकडे. प्रयोगशाळेत पेशी ४२ अंशांवर ठेवल्या की जेएनके जागा होतो. हे सांगितलं की आमची मुलं लगेच म्हणतात, "मॅडम, ही तर आपली मे महिन्यातली दुपार!" पण हवा ४२ अंशांवर गेली तरी घामामुळे शरीर आतून ३७ च्या आसपासच राहतं. उष्माघातात आतलं तापमान ४० च्या वर चढतं, तेव्हा मात्र पेशींवर खरोखर ती वेळ येते.

कायनेज म्हणजे दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट बसवणारं विकर. इथे तिघांची साखळी असते: वरचा मधल्याला जागं करतो, मधला खालच्याला. एमकेके४ आणि एमकेके७ जेएनकेला, एमकेके३ आणि एमकेके६ पी३८ ला. परीक्षेपुरतं एवढं पुरे. वरच्यांपैकी एएसके१ मात्र नीट समजून घ्या. एरवी थायोरेडॉक्सिन नावाचं लहानसं प्रथिन त्याला धरून ठेवतं. उपद्रवी ऑक्सिजन वाढला की थायोरेडॉक्सिनचंच ऑक्सिडीकरण होतं, पकड सुटते आणि एएसके१ कामाला लागतो.

आता घरातलं उदाहरण. माझे वडील सूतगिरणीत कार्डिंग खात्यात होते. आठवड्याची सुट्टी संपवून कामावर गेले की पहिल्याच दिवशी त्यांची छाती आवळून यायची. कापसाच्या धुळीत जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन असतं. फुफ्फुसातल्या भक्षक पेशी टीएलआर४ या ग्राहीमार्फत ते ओळखतात आणि पी३८ चालू होतो. तो एमके२ या पुढच्या कायनेजला जागं करतो, आणि मग टीएनएफ या निरोप्या प्रथिनाचा एरवी झटपट मोडून जाणारा आरएनए टिकून राहतो. टीएनएफ वाढला की दाह वाढतो. हे सगळं मी एमएस्सीला शिकले, तोवर वडिलांची नोकरी संपली होती. त्या काळी नाकाला रुमाल बांधायचे, एवढाच उपाय.

पण म्हणून पी३८ वाईट ठरत नाही. आमच्या पूर्व भागात कुठल्याही यंत्रमागावर बघा: आडवा धागा तुटला की माग थांबतो. कामगार कांडी बदलतो, धागा जोडतो, माग पुन्हा सुरू. थांबला नाही तर कापड बिघडतं, आणि दिवसभर थांबूनच राहिला तर मजुरी बुडते. पेशीचंही असंच आहे. टीएनएफ लागला की जेएनके काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि साधारण तासाभरात ओसरतो, पेशी जगते. तोच तासन् तास चालू राहिला तर पेशी स्वतःला संपवते. लठ्ठपणात हा तास महिन्यांवर जातो. जेएनके१ हा जेएनकेचा एक प्रकार इन्सुलिनचा निरोप पुढे नेणाऱ्या आयआरएस-१ या प्रथिनावर भलत्या जागी फॉस्फेट बसवतो आणि निरोप अडकतो. २००२ साली जेएनके१ नसलेल्या उंदरांवरचं काम प्रसिद्ध झालं. ते लठ्ठ होण्यापासून बऱ्याच अंशी वाचले, आणि त्यांच्यात इन्सुलिनही चांगलं काम करत होतं.

मग गोळी? प्रयत्न झाले, मोठे झाले. संधिवातात पी३८ रोखणारी औषधं दिली तेव्हा रक्तातला सीआरपी, म्हणजे दाहाची खूण असलेलं प्रथिन, सुरुवातीला उतरला आणि औषध चालू असतानाच पुन्हा चढला. काही औषधांनी यकृताला त्रास झाला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर सुमारे ३,५०० रुग्णांवर लॉसमॅपिमॉड या पी३८ रोखणाऱ्या औषधाची चाचणी झाली. तिचा निकाल २०१६ मध्ये आला: पुढचे झटके कमी झाले नाहीत. एक कारण मला पटतं. पी३८ साखळीत आपल्याच वर असलेल्या टीएके१ या कायनेजला लगाम घालत असतो. पी३८ बंद केला की तो लगाम सुटतो आणि दाहाच्या बाकीच्या वाटा, जेएनकेसकट, मोकळ्या होतात. शिवाय जेएनके१ आणि जेएनके२ दोन्ही काढून टाकलेले उंदीर गर्भातच मरतात. त्यांच्या मेंदूच्या एका भागात ज्या पेशी मरायला हव्यात त्या मरत नाहीत, आणि दुसऱ्या भागात नको तितक्या मरतात.

मनाच्या ताणाचं राहिलंच. तेव्हा अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल सुटतं. कॉर्टिसॉल आणि त्याच्या जातीची स्टेरॉइड औषधं पेशीला एमकेपी-१ नावाचं विकर बनवायला लावतात, आणि एमकेपी-१ पी३८ व जेएनकेवरचं फॉस्फेट काढून टाकतं. म्हणजे शरीराचं ताणाचं संप्रेरक पेशीची ताणाची कळ खाली ओढतं! दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, म्हणून हा घोळ होतो. वडील आता रोज जो स्टेरॉइडचा पंप ओढतात, त्याच्या कामाचा एक भाग हाच आहे.